युस्टीना माफी मागायला येते

किर्गिझ मुलुखातल्या वायडेनताल या जर्मन गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे आगाथा वीबेला वासावरून कळायचं, आणि नाहीच कळलं तर ती आत जाऊन झाकण उचलून बघायची. यात काही वावगं आहे असं तिला वाटत नसे. रस्त्यावरून अनोळखी मोटार गेली तर ती पडद्याआडून डोकावायची नाही, सरळ बाहेर येऊन हात करायची आणि विचारायची, "कुणाकडे आलात?" तिचा नवरा कोर्नेलियस म्हणायचा, "स्वर्गात गेलीस ना आगाथे, की देवाला आधी विचारशील, त्या मागच्या खोलीत काय ठेवलंय म्हणून." कोर्नेलियसला जाऊन तीस वर्षं होत आली, पण त्या सवयीने काही तिला सोडलं नाही.

अशा बाईला एक गोष्ट इतकी वर्षं कळलेली नव्हती. शेजारची युस्टीना थीसेन दर वर्षी आपल्याकडे माफी मागायला येते, ती कशाची?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर घेणं, वर्षातून दोनदा व्हायचं, एकदा वसंतात आणि एकदा बीट काढून झाल्यावर. त्याच्या आधीचा आठवडा माफीचा. ज्याच्याशी काही बिनसलं असेल त्याच्या दारी जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि म्हणायचं, "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर." समोरच्याने म्हणायचं, "देवाने केलं, मीही केलं." मग आत बसून कॉफी. मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही असा नियम होता, आणि तो मागणाऱ्याला होता तसाच देणाऱ्यालाही होता. कशाची माफी हे विचारायची रीत नव्हती. सांगावंसं वाटलं तर सांगणारा सांगे. बहुतेकांचं खरं तर बिनसलेलं काही नसायचंच. हाइन्रिख डिक एका दुपारीत सगळी गल्ली उरकायचा आणि घरोघरची कॉफी पिऊन रात्रभर जागा राहायचा. पोरं आयांच्या मागे मागे हिंडायची, कारण त्या आठवड्यात एकावर एक बसवलेले ते लोण्याचे गोल पाव प्रत्येक घरी भाजलेले असत.

युस्टीनाचं तसं नव्हतं. ती दारात आली की तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झालेला असायचा. 'कळत-नकळत' वगैरे ती काही म्हणत नसे. "आगाथे, मी तुझं वाईट केलंय. माफ कर," एवढंच. आगाथा म्हणायची, "देवाने केलं, मीही केलं. ये आत, कॉफी निवतेय." मग युस्टीना बसायची, हळूहळू तिच्या गालांवर रंग यायचा, आणि दोघी इकडचं तिकडचं बोलत राहायच्या.

आगाथाने या तीस वर्षांत तर्क काय कमी केले? आधी तिला वाटलं, आपला तांबडा कोंबडा नाहीसा झाला तो युस्टीनाच्या भांड्यात गेला असणार. मग वाटलं, गायनात वरचा सूर आपल्याकडून काढून डिकच्या सुनेला दिला, त्यात हिचा हात होता. एकदा वाटलं, युद्धानंतर जर्मनांवर पहारा ठेवणाऱ्या कमांडंटच्या जमान्यात हिने आपल्याविषयी काही सांगितलं की काय. पण ते तर मनालाही पटेना. युद्धात सरकारने जर्मन म्हणून धाडलं तेव्हा उरलच्या जंगलात लाकूडतोडीच्या छावणीत दोघी एका फळीवर, एका घोंगडीखाली झोपल्या होत्या. युस्टीनाची आई आणि बहीण तिथल्याच बर्फात राहिल्या. तिथून परत येताना तिला जगात आगाथाशिवाय कुणी नव्हतं.

त्या शरद ऋतूत अर्धं गाव जर्मनीला निघालं होतं. युस्टीनाच्या मुलाचेही कागद आले. प्रभुभोजनानंतरच्या आठवड्यात ती जाणार होती, ती कायमची. आगाथा जाणार नव्हती. लेक फ्रुंझे शहरात होती, आणि कोर्नेलियस टेकडीवरच्या चिनारांखाली होता. ती म्हणायची, "त्याला एकट्याला टाकून मी तिकडे कुणाच्या चुलीत डोकावू?"

गुरुवारी सकाळी युस्टीना आली. डोक्याला काळा रुमाल, अंगात स्वच्छ धुतलेला कोट. उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "आगाथे, मी तुझं वाईट केलंय. माफ कर."

आगाथा ओट्यापाशी पीठ मळत होती. तिने हात पुसले आणि स्वतःलाही न सांगता ठरवलं.

"नाही करत."

युस्टीनाने वर बघितलं.

"आधी सांग कशाची," आगाथा म्हणाली. "इतकी वर्षं मी आंधळ्यासारखी देतेय. आता तू चाललीस. तिकडे गेल्यावर मी विचारायचं कुणाला? डिकच्या गाईला?"

"असं विचारत नाहीत, आगाथे."

"माहीत आहे विचारत नाहीत. मी विचारतेय."

"सांगितलं तर तू करणार नाहीस."

"आणि न सांगता तर मुळीच नाही. बघ बाई, काय परवडतं तुला."

हे ती हसत म्हणाली होती. तिला वाटलं, युस्टीना चिडेल, मग दोघी हसतील, मग कोंबड्याची गोष्ट बाहेर येईल. पण युस्टीनाने नुसतं दाराच्या चौकटीला धरलं, मान हलवली आणि वळून गेली. कॉफीला थांबली नाही. फाटक लावायचंही विसरली, आणि ती जन्मात कधी फाटक विसरली नव्हती.

आगाथा त्या उघड्या फाटकाकडे बराच वेळ बघत राहिली. एखाद्या कोंबड्यासाठी माणूस असं जात नाही.

दुपारी ती कालवा ओलांडून बुरूलकडे गेली. बुरूल किर्गिझ, वयाने लहान, जिभेने तिखट. युस्टीनाने आपली गाय तिलाच देऊन टाकली होती. नुसती गायच नाही. शिलाईचं मशीन शाळेतल्या शिपायाच्या पोरीला, काचेच्या बरण्या हिला, रजया तिला, असं घर वाटून रिकामं केलं होतं, आणि कुणी काही देऊ लागलं तर हात मागे घेत होती.

"ताई, या गाईचं काय करू सांगा," बुरूल म्हणाली. "जर्मन ऐकून दूध देते. मी किर्गिझ बोलले की लाथ मारते."

"मग शीक की जर्मन. बुरूल, तुझ्याकडे युस्टीना आली होती का गं? या आठवड्यात?"

"आली की. माफी मागितली. म्हणे, माझ्या कोंबड्यांनी तुझा कांदा उकरला होता आणि मी म्हणाले होते की वाऱ्याने गेला."

"तुला सांगितलं? सरळ सांगितलं?"

"सरळ सांगितलं. मी म्हटलं, मला माहीतच होतं, वाऱ्याला काय चोच असते?" बुरूल हसली, मग आगाथाचं तोंड बघून थांबली. "का हो? तुम्हाला नाही सांगितलं?"

"मी विचारलं."

"विचारलं?" बुरूलने दुधाचं भांडं खाली ठेवलं. "आमच्यात लांबच्या वाटेला निघालेला माणूस येतो आणि म्हणतो, माझ्यावर राजी राहा. आपण म्हणायचं, राजी आहे. संपलं. कशाबद्दल म्हणून कुणी विचारत नाही, ताई. कोण जाणे, पोटातून काय निघेल."

"तेच तर बघायचंय मला," आगाथा म्हणाली. पण घरी येताना तिचा पाय जड पडत होता.

शनिवारी दुपारी प्रार्थना चालवणारे मंडळीचे वडील गेरहार्ड पेनर आले. दाराशी बूट झटकले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, आणि पाव खाऊन झाल्यावर म्हणाले, "युस्टीना उद्या भाकर घेणार नाही म्हणते."

आगाथा रिकामी ताटली उचलू लागली.

"ही तिची इथली शेवटची वेळ. या बाकांवर, या माणसांबरोबर. ती मागे बसेन म्हणते, आणि का ते सांगत नाही. मी गावभर विचारलं, सगळ्यांनी तिला माफ केलंय. एक घर राहिलं होतं."

"गेरहार्डभाऊ, तिने माझं काय केलंय?"

"मला माहीत नाही. आणि असतं तरी सांगितलं नसतं."

"मग मी माफ कशाला करायचं? रिकाम्या ताटाला कुणी जेवण म्हणतं का?"

म्हाताऱ्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. "तीस वर्षं केलंस ना? तेव्हा कशाला करत होतीस?"

"मला वाटायचं, कोंबडा असेल."

गेरहार्डभाऊंना हसू आवरेना. डोळे पुसत ते उठले. दारात गेल्यावर मात्र हसू गेलं. "तू नाही केलंस तर उद्या तुलाही घेता येणार नाही, हे ध्यानात आहे ना आगाथे?"

ते तिच्या ध्यानात नव्हतं.

उन्हं कलायच्या आत ती युस्टीनाकडे गेली. ओसाड खोलीत एक बाक, दोन पेट्या आणि थंड चूल. युस्टीना बाकावर बसली होती. जणू तिची वाटच बघत होती.

"माघार घ्यायला आले होते," आगाथा म्हणाली. "म्हणणार होते, जाऊ दे, नको सांगूस. पण इथे येईपर्यंत पुन्हा वाटलं, विचारावं. मी ही अशी आहे."

"माहीत आहे तू कशी आहेस," युस्टीना म्हणाली. "बस. कारागांडा आठवतं?"

आगाथाला कसं आठवणार नाही! कमांडंटचा पहारा उठला होता, माणसाला गाव सोडून जायची मुभा आली होती. दूरच्या कारागांडा शहरात आगाथाची बहीण होती. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात कोर्नेलियसला काम कबूल झालं होतं. दोन खोल्या, विजेचा दिवा, घरात नळ. आगाथाने न पाहिलेल्या खिडक्यांचे पडदे शिवून ठेवले होते. सामूहिक शेताच्या अध्यक्षाने तोंडी होकार दिला होता, पेटी बांधून झाली होती, आणि ऐन वेळी तो म्हणाला, यंदा कुणालाच सोडत नाही. कोर्नेलियस हसून म्हणाला होता, चला, पेटी सोडा, माझा सदरा त्यात आहे. दोन वर्षांनी बीट भरलेल्या गाडीसकट त्याचा ट्रॅक्टर कालव्याच्या बांधावरून उलटला.

"मी मागितलं होतं," युस्टीना म्हणाली.

"काय मागितलं होतं?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून. तू पेटी बांधत होतीस आणि मी घरी येऊन गुडघ्यावर बसत होते. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. उपास धरला होता. म्हटलं, देवा, तिला अडव. मला दुसरं कोणी नाही. कसंही कर, पण अडव." तिने हात मांडीखाली दाबले. "कसंही कर, असं म्हणाले मी, आगाथे. हेच शब्द. आणि त्याने केलं."

बाहेर कुणीतरी गाय हाकत जर्मनमधून शिव्या देत होतं. बुरूल शिकत होती.

"तेव्हा सांगायचं होतंस," शेवटी आगाथा म्हणाली.

"तेव्हा तू सुतकात होतीस. मग पोरीचं लग्न आलं. मग वाटलं, सांगितलं तर तू तोंड बघणार नाहीस. मला तुझी माफी हवी होती आणि तूही हवी होतीस."

आगाथा उठली. तिच्या तोंडात ते शब्द होते, आयुष्यभर सहज निघालेले, देवाने केलं, मीही केलं. ते निघेनात. ती निघाली आणि या खेपेस फाटक तिने उघडं टाकलं.

घरी येऊन ती अंधारात नुसती बसली. डोकं तिला सांगत होतं की अध्यक्षाने त्या वर्षी सगळ्यांनाच अडवलं होतं, डिकना, उन्रुहना, त्या काय सगळ्या युस्टीनाच्या प्रार्थना होत्या? आणि ट्रॅक्टर कारागांड्यालाही उलटतात. हे सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिने मागितलं, हे टोचत होतं. फळीवर शेजारी झोपणारीने आपल्या सुखाच्या आड यायला देवाला बोलावलं. आणि मग इतकी वर्षं आलुबुखारचा मुरंबा, पहिलं लोणी, आजारात कढण! आगाथाने ते माया म्हणून खाल्लं होतं. ती माया होती की दंड भरणं चाललं होतं? माहीत नव्हतं तेव्हा माफ करणं किती सोपं होतं! आता खरोखरच करण्यासारखं काही होतं, आणि तिला ते येत नव्हतं.

प्रार्थना करावी म्हणून तिने हात जोडले. देवाशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती बायकांच्या प्रार्थनासभेतल्यासारखी गावातली नावं घेऊ लागली. युस्टीना घ्यायची तशीच, गल्लीच्या टोकापासून. युस्टीनाला सगळी नावं पाठ. डिकचा दमा, उन्रुहचा सैन्यातला नातू, बुरूलचा दारुडा दीर, कुणी सुटायचं नाही. पेनरांच्या घरापाशी आलं की पुढचं घर...

आगाथा थांबली. पुढचं घर तिचं होतं.

तिने आठवून बघितलं. एकेक हिवाळा, एकेक सभा, तो कोंदट उबदार वास, बाकावरचे वाकलेले रुमाल. युस्टीनाच्या तोंडून आपलं नाव आपण कधी ऐकलंय? पेनर, मग थीसेनच्या पोरांची नावं, मग डिक. मधलं घर नाही. तिला वाटायचं, आपण समोरच बसलोय म्हणून म्हणत नसेल. पण समोर तर सगळ्याच बसलेल्या असत.

हे काय होतं? आता हे विचारल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. जाणारे होते, राहणारे होते, सगळे एकमेकांकडे शेवटचं बघावं तसे बघत होते. युस्टीना बायकांच्या बाजूला अगदी मागच्या बाकावर, एकटी. आगाथा आपल्या नेहमीच्या जागी. गाणं झालं, वचन झालं. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर होती. कापड काढायच्या आधी गेरहार्डभाऊ नेहमीसारखे म्हणाले, "कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आताही वेळ आहे," आणि खाली बघत उभे राहिले. हे नुसतं म्हणायचं असे. त्यावर कुणी उठल्याचं मंडळीला आठवत नव्हतं.

आगाथा उठली. तिचा गुडघा कटकन वाजला, आणि सगळ्या माना वळल्या. ती मधल्या वाटेने मागे गेली आणि युस्टीनाच्या शेजारी बसली.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. कुजबुजत म्हणाली, पण ज्या शांततेत म्हणाली त्यात पुरुषांच्या बाजूलाही ऐकू गेलं.

"अजून काय राहिलंय?" युस्टीना म्हणाली.

"माझं नाव तू सभेत घेत नाहीस. घरी घेतेस?"

युस्टीनाने मान हलवली. नाही.

"कधीच नाही? मला न्यूमोनिया झाला तेव्हा? तू माझ्या उशाशी बसून होतीस."

"बाकीच्यांना करायला सांगितली प्रार्थना. घरोघर जाऊन सांगितलं. मी नाही केली." तिने हात कोटाच्या बाहीत खुपसले. "मला भीती वाटते, आगाथे. मी तुझ्यासाठी एकदा मागितलं. पुन्हा तुझं नाव त्याच्यासमोर काढायला माझी जीभ धजत नाही."

तीस वर्षं. गावातल्या दारुड्यासाठी, अध्यक्षासाठी, बुरूलच्या गाभण मेंढ्यांसाठी ही बाई गुडघे झिजवत होती, आणि जिच्यावर सगळ्यात जीव होता तिच्या घरावरून दर वेळी डोळे मिटून पुढे जात होती. मुरंबा का यायचा ते आता कळलं. जे तोंडाने देता येत नव्हतं ते हाताने देत होती.

"मग बरोबरच आहे," आगाथा म्हणाली. "म्हणूनच माझे गुडघे असे आहेत."

पुढच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं.

"देवाने केलं," आगाथा म्हणाली, आणि थांबली. उरलेला शब्द काढायला तिला खाली वाकून मुळा उपटावा तसा जोर लावावा लागला. "मीही केलं. या वेळी काय केलं ते माहीत असून केलं. आता तू माझ्यासाठी माग. आत्ता. तिकडे गेल्यावर नाही, इथे, मला ऐकू येईल असं."

"मी? नको. आगाथे, नको. काय मागू?"

"ते तू बघ. तुझं ऐकतो तो, हे तर तूच सांगितलंस. हिवाळा येतोय, कोळसा ओला आहे, तू चाललीस, मला पुष्कळ काही लागणार आहे." तिने बाहीतून युस्टीनाचे हात बाहेर काढले आणि आपल्या हातात घेतले. "फक्त मला कुठे अडकवून ठेवू नकोस."

युस्टीनाच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की रडण्याचा हे आगाथालाही, जिला सगळं कळून घ्यायचं असे तिलाही, सांगता आलं नसतं. मग युस्टीनाने डोळे मिटले. गेरहार्डभाऊ मेजापाशी हात बांधून उभे होते.

"प्रभू," युस्टीना म्हणाली, "ही आगाथा."

आणि पुढचं तिला बराच वेळ सुचेना. मंडळी थांबून राहिली. आगाथाही थांबली, मान थोडी तिच्याकडे कलती करून, काय मागतेय ते ऐकायला.